आठ सेकंदांचा सावकार

गणपतीत ताईकडे गेलो होतो. आरतीला अजून तासभर होता, आत मोदकांची गडबड चालू, आणि भाच्याने लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला. "मामा, हे खेळ आणि खरं खरं सांग." आता पंधरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढल्यावर एवढं कळतं की जो 'खरं खरं सांग' म्हणतो त्याला फक्त 'भारी आहे' एवढंच ऐकायचं असतं. पण पोरगं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सुट्टीत झोपा काढायच्या सोडून गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) शिकून एकट्याने गेम करतंय, चित्रंसुद्धा स्वतः काढलीयत, म्हटलं बघू तरी.

आणि भारी होताच. सह्याद्रीसारखा डोंगर, वर पडकी गढी, खाली गाव, पाऊस तर इतका छान पडत होता की मी दोन मिनिटं नुसता उभा राहून पाऊसच बघितला. हिरोईन सगुणा, पाणक्याची पोर, उड्या मारत मारत गढीकडे निघालेली. व्हिलनचं नाव त्रिकाल. काळा झगा, लाल डोळे, खर्जातला आवाज (तो भाच्याचाच, सर्दीने घसा बसलेला असताना रेकॉर्ड करून ठेवलेला). या त्रिकालला काळ मागे फिरवता येतो. किती मागे? पाहिजे तितका. आणि याला हवंय काय, तर गढीची गादी. खालच्या गावात मोजून बारा घरं, मी मोजली, त्या बारा घरांवर राज्य करायला हा माणूस काळ उलटा फिरवतोय. मधल्या पाच लेव्हल त्याचे शिपाई, शेवटी तो स्वतः, तीन हेल्थ बार (उरलेला जीव दाखवणाऱ्या पट्ट्या) घेऊन, आणि लढताना करतो काय तर आगीचे गोळे फेकतो.

मी अजून शब्द जुळवत होतो तेवढ्यात ताई हातातली मोदकाची पारी वळत वळत मागे येऊन उभी राहिली.

"अरे, याला काळ मागे नेता येतो ना?"

"हो."

"मग मागे जाऊन हिच्या आईबापाचं लग्नच मोडायचं की. कशाला एवढे शिपाई पोसायचे?"

"आई, तसं नसतं गं गेममध्ये."

"का नसतं?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी लॅपटॉपकडे. शेवटी तो म्हणाला, "कारण तो अहंकारी आहे. त्याला तिला समोरासमोर हरवायचंय."

अहंकार म्हणजे व्हिलन लिहिणाऱ्यांचं एम-सील. पाइप कुठूनही गळू दे, एक गोळी मळायची आणि लावून टाकायची. पहिल्याच लेव्हलला स्वतः का नाही आला? अहंकार. हिरोला पकडून ठार न मारता कोठडीत का टाकला, ते पण कोठडीत वर चढून जाता येईल असं भोक ठेवून? अहंकार. सगळा प्लॅन स्वतःच्या तोंडाने का सांगितला? अहंकारच. अहंकारी माणसं नसतात असं नाही, चिकार असतात, मला दोन-तीन मॅनेजर लाभलेत, पण त्यांचा अहंकार जेवताना, लिफ्टमध्ये, मेलच्या सब्जेक्ट लाइनमध्येसुद्धा दिसायचा. गेममधल्या व्हिलनला तो बरोबर स्क्रिप्ट अडते तिथेच होतो.

माझा स्वतःचा पहिला व्हिलन जाफर. माझ्या वयाच्या बऱ्याच जणांचा तोच असेल. आमच्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर क्लास निघाला होता, चपला बाहेर काढायच्या, आत एसी, काळे-पांढरे मॉनिटर, आणि सर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. जॉर्डन मेकनर नावाच्या माणसाने १९८९ साली तो गेम ॲपल टू या तेव्हाच्या कॉम्प्युटरवर काढला, आमच्यापर्यंत आला तो पुढच्या वर्षीचा डॉसचा अवतार, कोणाच्या तरी फ्लॉपीतून. गोष्ट एवढीच की सुलतान परदेशात लढाईवर गेलाय, मागे वजीर जाफरने सत्ता बळकावलीय, राजकन्येसमोर एक वाळूचं घड्याळ उभं केलंय आणि सांगितलंय की तासाभरात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तुम्ही तळघरातले कैदी. तास म्हणजे खरोखरचा तास, घड्याळातला, साठ मिनिटं. आमचं प्रॅक्टिकल पाऊण तासाचं आणि राजकन्येचा जीव एक तासाचा, त्यामुळे आमच्या बॅचने जाफरला कधी जवळून बघितलाच नाही. गेम सेव्ह करता येतो हे फार उशिरा कळलं. मग वरच्या वर्गातल्या एका पोराने गुप्त मंत्र दिला, काळ्या स्क्रीनवर 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करायचं आणि शिफ्ट-एल दाबत लेव्हल उड्या मारत जायचं. तसा एकदाचा गेलो जाफरपर्यंत.

तेव्हा अर्थातच कळलं नव्हतं, पण आता विचार करतो तर या जाफरचं गणित मोठं चोख आहे. जादू येते, सैन्य हाताशी आहे, महाल आहे, तळघर आहे. एवढं असून तासभर थांबतो का? तर त्याला जे पाहिजे ते जादूने मिळणारं नाहीये. हिसकावलेल्या सत्तेला हक्काचा शिक्का हवाय आणि तो शिक्का फक्त त्या पोरीच्या 'हो'मध्ये आहे. घड्याळ जादूने उभं करता येतं, 'हो' नाही करता येत. म्हणून धमकी, म्हणून मुदत. आणि तुम्हाला तो मारायला का येत नाही याचं उत्तर तर त्याहून झकास, तुम्ही त्याच्या खिजगणतीतच नाही. तळघरात टाकलेला एक भणंग पोरगा, त्याच्यासाठी वजीर कशाला जिने उतरेल? इथे एम-सील लावावंच लागत नाही.

त्या गेममध्ये अजून एक शत्रू आहे आणि माझ्या मते तोच सगळ्यात भारी. चौथ्या लेव्हलला आरसा येतो, त्यातून उडी मारून पलीकडे गेलात की आरशातून तुमचीच सावली बाहेर पडते आणि पळून जाते. पुढे ती तुमच्या डोळ्यांदेखत तुमची औषधाची बाटली पिऊन टाकते, नंतर एकदा तुमच्या तोंडावर दरवाजा पाडते. हिचा जन्म निव्वळ कडकीतून झालाय. ॲपल टू मधली मेमरी भरत आली होती, नवीन शत्रूची चित्रं ठेवायला जागाच नव्हती, मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं एका बिटच्या हिशोबाने उलटीपालटी करून त्यातून ही भुतासारखी सावली काढली. शेवटी शेवटी ती तलवार काढून समोर येते. तिला मारलंत की तुमचाच जीव कमी होतो. तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्या अंगात चालत जायचं, बस. ती अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही, हेतूबितू कोणी सांगितलेला नाही, पण तिची ताकद तंतोतंत तुमच्याएवढी आहे आणि ती करते तेही तेवढंच, तुमच्याच वाटणीचं ढापणं.

आणि मग जाफर. मेगाहिट मारून, धडधडत्या छातीने. तो तलवारीने लढतो. नुसत्या तलवारीने! हवेतून घड्याळ काढणारा जादूगार शेवटी खालच्या पहारेकऱ्यासारखाच खणखण करतो. आमच्यातला एकजण म्हणालाही, हा काय राव, हा तर शिपाईच निघाला. बारा वर्षांच्या पोराचा तो बग रिपोर्ट अजूनही ओपन आहे.

हे सगळं मी भाच्याला मोदक खाता खाता सांगत होतो आणि ताई मधेच म्हणाली, "म्हणजे हिरण्यकशिपू." मला आधी कळेना, मग डोक्यात उजेड पडला. अरे हो की. त्या माणसाकडे काय नाहीये? दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, माणसाकडून नाही जनावराकडून नाही, असा घट्ट वर, तिन्ही लोक पायाशी. आणि त्याची झोप उडालीय कशाने, तर स्वतःच्या घरातलं पोरगं भलत्याचं नाव घेतंय. कड्यावरून ढकल, हत्तीच्या पायाखाली दे, साप सोड, आगीत बसव, म्हणजे एकेका लेव्हलला त्याच्याकडची एकेक ताकद वापरून संपतेय आणि पोराची जीभ काही वळत नाहीये. त्रैलोक्य जिंकणारी ताकद एका जिभेपाशी येऊन अडते, आणि त्याला हवी असते ती नेमकी तीच जीभ. याला उगाच गादीबिदी हवी असती तर गोष्ट दुसऱ्या दिवशी विसरलो असतो, गादी तर त्याच्याकडे होतीच.

भस्मासुर पण तसाच, पण त्याची गंमत वेगळी. डोक्यावर हात ठेवला की समोरचा भस्म, एवढी एकच पॉवर, आणि शेवटची फाइट त्याच पॉवरने. मोहिनी नाचते, हा तिची नक्कल करतो, हात डोक्यावर, खलास. गेमच्या भाषेत बोलायचं तर ती रिदम गेमची, म्हणजे तालावर खेळायच्या गेमची, बॉस फाइट (मुख्य व्हिलनशी लढाई) आहे, आणि जाफरच्या तलवारीपेक्षा शंभर पटीने बरी.

शेवटच्या फाइटमध्ये गोची होणं हा काही जुन्या गेमचाच रोग आहे असं नाही. 'बायोशॉक' (२००७) घ्या. ज्यांनी खेळायचा ठेवलाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्या, पण इतकी वर्षं ठेवलात म्हणजे आता काय खेळणार तुम्ही.

समुद्राखाली रॅप्चर नावाचं शहर, सगळं पडायला आलेलं, आणि रेडिओवर ॲटलस नावाचा एक मवाळ आवाज तुम्हाला वाट दाखवत असतो, दरवेळी अदबीने, जरा मेहेरबानी करून हे कराल का, ते कराल का. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर कळतं की हा ॲटलस म्हणजे फ्रँक फॉन्टेन नावाचा स्मगलर, स्वतःच्या मरणाचं सोंग केलेला, आणि 'मेहेरबानी करून' हे शब्द म्हणजे तुमच्या डोक्यात आधीच ठोकलेली खुंटी आहे, ते ऐकले की तुम्हाला नाही म्हणताच येत नाही. आणि तुम्ही तर गेम खेळणारे, सांगितलेलं काम करणारे, तुम्ही कधी नाही म्हटलंच नव्हतं! मी त्या रात्री कंट्रोलर खाली ठेवून खरंच पाणी प्यायला उठलो होतो. फॉन्टेनची ताकद काय, तर दुसराच कोणीतरी असणं. आवाज, नाव, विश्वास. त्याला हवंय काय, तर अख्खं शहर, आणि ते खिशात घालायला त्याने वापरलं काय, तर एक आवाज आणि मोजके शब्द. टाचणीएवढी फट नाही. आणि शेवटी? शेवटी तो अंगात ॲडम (शरीर बदलून टाकणारं तिथलं रसायन) टोचून घेतो, पितळी पुतळ्यासारखा राक्षस होतो आणि गोळे फेकत अंगावर येतो. ज्या माणसाने आयुष्यभर कोणाला स्वतःचा चेहरा दाखवला नाही तो बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धेला उभा राहतो. गेमचा दिग्दर्शक केन लेव्हिन स्वतःसुद्धा नंतर मुलाखतीत त्या फाइटवर नाखूशच दिसला, म्हणजे हे मी एकटाच म्हणतोय असं नाही.

याच्या उलट 'पोर्टल'मधली ग्लॅडॉस. तोही २००७ चाच. ती एक मशीन, छताला लटकलेली, जागची हलू शकत नाही, पण भिंती, लिफ्ट, कॅमेरे, बंदुका, विषारी गॅस सगळं तिच्या ताब्यात. आणि तिला चटक कशाची, तर टेस्ट घ्यायची (टेस्टर म्हणून माझी तिच्याबद्दल जरा कणव आहे). खोल्या तिच्याकडे हजार, पण खोलीत पळणारं माणूस ती बनवू शकत नाही. म्हणून तुम्ही जिवंत. दुसऱ्या भागात, २०११ मध्ये, व्हीटली नावाचा एक बावळट गोळा तिच्या जागी बसतो आणि खरी मजा तिथे आहे. खुर्चीत बसला की खुर्चीची खाज त्याला लागते, टेस्ट घेतलीच पाहिजे, पण टेस्ट बनवायची अक्कल तर खुर्चीबरोबर येत नाही. पहिली टेस्ट म्हणजे एक बटण आणि एक खोका. पुढे ग्लॅडॉसच्या जुन्या टेस्ट आणून एकमेकींना चिकटवतो. आणि इकडे खाली रिॲक्टर पेटायला आलाय, तिकडे याचं लक्षच नाही. ती स्वतः तोवर एका बटाट्यात, १.१ व्होल्टवर, तिला नीट रागावणंसुद्धा परवडत नाही. ताकद बदलली की हाव बदलते, स्वभावसुद्धा बदलतो, हे इतकं हसत हसत दाखवलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही, अगदी कादंबऱ्यांतही क्वचितच.

तर भाचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग त्रिकालची पॉवर एवढी मोठी आहे तर त्याला मोठं काहीतरी हवं असं करतो. विश्वाचा नाश वगैरे." हा दुसरा खड्डा. विश्वाचा नाश केला की उद्या सकाळी उठून तो माणूस करणार काय? 'फायनल फँटसी सिक्स'मधला केफ्का १९९४ मध्ये खरंच जग मोडून दाखवतो, अर्ध्या गेममध्येच, आणि मग वर्षभर मनोऱ्यावर बसून राहतो. पण तिथे ते जमतं कारण त्याचं ते रिकामपण हाच त्याचा रोग आहे असं लिहिलंय. सगळ्यांना नाही जमत.

"आणि काळ मागे फिरवणारा म्हणशील तर तो झालाय," मी म्हटलं. "अंडरटेल खेळलायस ना?"

"दोनदा."

"मग फ्लावी?"

तो गप्प. टोबी फॉक्सचा तो २०१५ चा गेम, त्यातल्या या फ्लावी नावाच्या फुलाकडे सेव्ह आणि लोडची पॉवर असते, म्हणजे तुमच्याकडे असते तीच. आधी त्याने सगळ्यांशी गोडीने वागून बघितलं, सगळ्यांचे सगळे डायलॉग ऐकून संपवले, मग कंटाळला, मग मारून बघू काय होतं ते. तुम्ही पण दुसऱ्यांदा खेळताना हेच करता. तिथे आता नवीन काय करणार.

"पॉवर वाढवू नको," मी म्हटलं, "कमी करून बघ." एवढं बोललो आणि आरतीची हाक आली.

चार-पाच दिवसांनी रात्री दीड वाजता मेसेज. "मामा, ८ सेकंद."

मी उठून बसलो. आठ सेकंदच मागे जाता येणारा माणूस. कशाला उपयोग आठ सेकंदांचा? राज्य नाही जिंकता येत. पण हातातून निसटलेला पेला झेलता येतो. तोंडातून गेलेला चुकीचा शब्द परत घेता येतो. फासे आवडले नाहीत तर परत टाकता येतात. शेतकरी समोर बसलाय, सव्वा टक्का म्हटलं तर उठून चालला, मागे, एक टक्का म्हटलं तर तोंड वाकडं, मागे, तुझी पोर बरी आहे का रे म्हटलं, तर बसला. अंगठा उठवला. अशी एकेक करून बारा घरं. सैन्य नको, झगा नको, लाल डोळे तर नकोच. तो सावकार आहे! धोतर, कोट, बाजूला चोपड्या. "लगेच दुसऱ्यांदा नाही ना वापरता येत? नाहीतर आठ-आठ करत जन्मापर्यंत पोचेल," मी टेस्टरच्या सवयीने विचारलं. "नाही, परत आठ सेकंद जावी लागतात मधे. ते टाकलंय," त्याने लिहिलं. शाब्बास.

मग हवंय काय त्याला? याच्यावर आमचे महिनाभर मेसेज चालले, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून टाइप करायचो. पैसा? पैसा तर मिळतोच. शेवटी भाच्यानेच काढलं, आणि मला अजूनही त्याचा जरा हेवा वाटतो. गावात या सावकाराला कोणी कधी हसलेलं नाही. तो कधी अडखळला नाही, कधी पडला नाही, कधी चुकला नाही, असं गाव समजतं. पण तो चुकलाय, रोज चुकतो, आणि दरवेळी लोक हसलेत, आणि दरवेळी त्याने ते हसू पुसून टाकलंय. गावाला त्यातलं एकही आठवत नाही. त्याला सगळी आठवतात. चाळीस वर्षांची, एकूण एक, कोण कसं हसलं ते. त्या हसण्याचा सूड तो घेतोय आणि ज्यांच्यावर घेतोय त्यांना आपण हसलो होतो हे माहितीच नाही.

लढाई पण मग आपोआप बदलली. सगुणाने समोरून काहीही केलं की तो मागे जातो आणि चुकवतो, काठी उचलायच्या आत बाजूला सरकलेला असतो. म्हणजे आठ सेकंदांनंतर कळेल असंच काहीतरी करायला पाहिजे. दोराचा एकच पीळ कापून ठेवायचा. बांधाला बोटाएवढं भोक. गावात एक अफवा सोडायची आणि उलट दिशेने चालू लागायचं. आगीचे गोळे गेले, हेल्थ बार गेले, खेळ हळू झाला. काही लोकांना तो बोअर वाटेल, वाटू दे.

दिवाळीत नवीन बिल्ड घेऊन बसलो आणि दहाव्या मिनिटाला मला बग सापडला. ओसरीवर गाव जमलंय, सावकाराच्या हातात पितळी पेला, तो निसटतो. काळ मागे. परत तीच आठ सेकंदं, पेला परत निसटतो, कारण हाताचा कोलिजन बॉक्स (स्पर्श ओळखणारी अदृश्य चौकट) चार पिक्सेल डावीकडे सरकलाय, बोटं पेल्याला लागतच नाहीत. परत मागे. परत निसटला. आणि दरवेळी लोकांचं हसू अर्ध्यात तुटतं. मी एस्केप दाबला, काही नाही, गेम त्याच्यातच अडकलेला, सावकार वाकतोय, पेला पडतोय.

ताई चकलीचा सोऱ्या हातात घेऊन मागे उभी होती. बराच वेळ बघत राहिली. "अरे, झेलू दे ना त्याला एकदाचा," म्हणाली, आणि तेल तापलंय म्हणून आत निघून गेली.

भाच्याने तो बग यादीत लिहून घेतलाय. अजून फिक्स केलेला नाही.